कोपीवरच्या लेकरांसाठी दरमहा रोख मदत द्या : सोलापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, सोलापूर
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, सोलापूर
तसेच जिल्ह्यातील सर्व सहकारी व खासगी साखर कारखान्यांचे अध्यक्ष

विषय : ऊसतोड कुटुंबांतील पाच वर्षांखालील मुले आणि गरोदर माता यांच्यासाठी हंगामभर रोख मदत, आणि अड्ड्यावर पाणी, मोजमाप व उपचाराची सोय करण्याबाबत

महोदय,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी सरली, बॉयलर पेटले, आणि बीड, धाराशिव, जालना, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या आपल्या जिल्ह्यात उतरल्या. टेंभुर्णीपासून अकलूजपर्यंत, पंढरपुरापासून मंगळवेढ्यापर्यंत रस्त्याच्या कडेला, कॅनॉलच्या भरावावर, कारखान्यांच्या मागच्या माळावर कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, उभ्या राहिल्या. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, हेच त्या माणसांचे गाव. मी माढा तालुक्यात लहान मुलांची डॉक्टर आहे. दर हंगामात डिसेंबरच्या मध्यापासून या कोप्यांवरची लेकरे माझ्याकडे येऊ लागतात. जुलाब, छातीत कफ, खाण्यावरची वासना गेलेली. फेब्रुवारीत त्यांतली काही पुन्हा येतात आणि दंडाला कुपोषण मोजायची पट्टी लावली की घेर आणखी कमी भरलेला असतो.

माझी मागणी सरळ आहे. ज्या कोयत्याच्या, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याच्या, घरात पाच वर्षांखालचे मूल किंवा गरोदर बाई आहे, त्या घरातल्या आईच्या खात्यात हंगामाचे पाच महिने दरमहा ३,००० रुपये जमा करावेत. ही रक्कम उचलीत, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशात, धरली जाऊ नये, आणि तिच्याबरोबर कोप्यांच्या अड्ड्यावर स्वच्छ पाणी, दर पंधरा दिवसांनी मोजमाप आणि आजारी मुलाला उपचार मिळावेत. नुसती रक्कम देऊन हात झटकले तर मूल सुधारणार नाही, आणि रक्कम न देता नुसती पट्टी लावून गेलात तरीही नाही. हे असे का, ते सविस्तर लिहिते.

ऊसतोड कुटुंबाला पैसा मिळतोच की, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. मिळतो, पण केव्हा आणि कुणाच्या हातात, ते पाहायला हवे. उचल मिळते पावसाळ्यात. ती घेतो नवरा किंवा सासरा, आणि ती जाते मागच्या कर्जात, नणंदेच्या लग्नात, बी-बियाण्यात, दवाखान्यात. उसाच्या फडावर पाऊल पडते तेव्हा उचल संपलेली असते. उरलेली असते फक्त फेड. हंगामात हातात येते ती मुकादमाकडून, म्हणजे टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, मिळणारी खर्ची, बाजाराच्या दिवसापुरती, आणि तीही पुन्हा हिशेबात धरली जाते. बाईच्या स्वतःच्या हातात पडणारा पैसा एकच, वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आलेला. त्यातून तेल, मिरची, चहापत्ती, साबण येतो. ज्वारी-बाजरीचे पीठ बहुतेक घरांत असते, त्यामुळे भाकरी होते. दूध, अंडे, डाळ, शेंगदाणे, एखादे केळ, म्हणजे दीड वर्षाच्या मुलाला ज्याची खरी गरज असते ते सगळे, वाढ्यांचे गिऱ्हाईक आले तरच कोपीत येते.

म्हणून मी दरमहाच्या रकमेचा आग्रह धरते. दीड वर्षाच्या मुलाचे पोट मोठ्या माणसाइतका दम धरत नाही. आठवडाभर जुलाब झाले आणि त्या आठवड्यात ताटात फक्त चटणी-भाकरी असली, तर त्याचे वजन उतरते. उतरलेले वजन भरून यायला दोन-तीन आठवडे नीट खाऊ घालावे लागते. तेवढ्यात पुढचा आजार आला की ते पहिल्यापेक्षाही खाली जाते. जुलै महिन्यातली उचल कितीही मोठी असली, तरी ती जानेवारीतल्या या आठवड्याला पोचत नाही.

पैसे दिले की कुपोषण हटते, असे मात्र मी म्हणणार नाही. जगात हे तपासून पाहिलेले आहे आणि निकाल सरळसोट नाहीत. सोमालियाची राजधानी मोगादिशू. यादवी आणि दुष्काळाने गाव सुटलेली हजारो कुटुंबे तिथे शहराच्या कडेला पाले ठोकून राहतात. २०१६ मध्ये तिथल्या काही छावण्यांतल्या कुटुंबांना पाच महिने दरमहा सुमारे ८४ डॉलर कुठलीही अट न घालता देण्यात आले. घराचा खाण्यावरचा खर्च वाढला, मुलांच्या ताटात अधिक प्रकारचे अन्न आले. तीव्र कुपोषण मात्र कमी झाले नाही. पुढे त्याच देशातल्या विस्थापितांच्या छावण्यांत दुसरा अभ्यास झाला. त्यात मदतीच्या जोडीला मुलाची आरोग्य तपासणी करून घेण्याची अट होती. गोवराची लस घेतलेल्या मुलांचे प्रमाण जवळपास दुप्पट झाले. तीव्र कुपोषणावर तरीही फरक दिसला नाही.

दुसरे उदाहरण पाकिस्तानातल्या सिंध प्रांताचे, दादू जिल्ह्याचे. २०१५ मध्ये तिथल्या गरीब कुटुंबांचे गट करून सहा महिने मदत दिली गेली. काही गावांत दरमहा १,५०० पाकिस्तानी रुपये, काही गावांत ३,०००, तर काही ठिकाणी १,५०० रुपयांची ताज्या भाजी-मांसाची कुपने. सहा महिने झाले तेव्हा उंचीच्या मानाने वजन घटलेली मुले दुप्पट रक्कम मिळालेल्या गावांत कमी आढळली. मदत थांबून सहा महिने उलटल्यावर पुन्हा मोजले, तर तो फरक उरला नव्हता. उंची खुंटण्याचे प्रमाण मात्र तिन्ही प्रकारची मदत मिळालेल्यांत कमी दिसले.

हे निकाल वाचून कुणी म्हणेल, मग पैसे द्यायचेच कशाला? मी त्यातून वेगळे शिकते. दादूत अर्धी रक्कम आणि पूर्ण रक्कम यांत फरक पडला, म्हणजे रक्कम पुरेशी असावी लागते. मदत थांबल्यावर फायदा ओसरला, म्हणजे ती अडचणीचा काळ संपेपर्यंत चालावी लागते. आणि मोगादिशूच्या पालांत जे घडले ते मला परके वाटत नाही. दाटीवाटीची वस्ती, उघड्यावर शौच, एकाचा आजार दहांना, दवाखाना लांब. अशा जागी ताटात आलेले अंडे जुलाबावाटे निघून जाते. आपल्या कोप्यांची अवस्था याहून फार वेगळी आहे असे, जो एकदा तिथे रात्री जाऊन आलाय, तो म्हणणार नाही. बाया कॅनॉलचे पाणी भरतात, नाहीतर शेजारच्या शेतकऱ्याच्या मोटारीवर जातात. मोटार वीज असेल तेव्हा चालते. ज्या कारखान्याला रोज हजारो टन उसाची वाहतूक जमते, त्याला अड्ड्यावर दिवसाआड क्लोरीन घातलेल्या पाण्याचा टँकर पाठवणे अवघड नाही. पाण्याचा खर्च मी रोख मदतीच्या हिशेबात धरलेलाच नाही. ती मागणी कारखान्यांकडे स्वतंत्रपणे करते आहे.

यानंतर येते वेळेची गोष्ट, आणि ती पैशाने पूर्ण सुटत नाही. पहाटे तीनला बाई उठते, भाकरी थापते, अंधारात फडावर जाते. तान्हे मूल गाडीखाली, झोळीत, नाहीतर सात वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची शाळा तिथेच बुडते. मूल दिवसातून चार-पाच वेळा थोडे थोडे खाणारे असते, आणि त्याला भरवणारे हात मोळ्या बांधण्यात गुंतलेले असतात. म्हणून जिथे पन्नासहून अधिक कोप्या आहेत तिथे पाळणाघर हवे. केंद्राच्या मिशन शक्तीत ‘पाळणा’ योजना आहे, अंगणवाडीला जोडून पाळणाघर चालवायची तिच्यात तरतूद आहे. टोळीतल्याच एखाद्या आजीला मानधन देऊन, जवळच्या सेविकेच्या देखरेखीखाली ते चालवता येईल.

आता जे मला सर्वांत जास्त सलते ते लिहिते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेलेले, भूक मेलेले, ताप असलेले मूल कोपीवर बरे होत नाही. त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात ठेवावे लागते, साधारण १४ दिवस, आणि आईला सोबत राहावे लागते. आईची बुडालेली मजुरी म्हणून तिथे काही रक्कम मिळते. पण कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बाई दवाखान्यात बसली की नवरा अर्धा कोयता. एकट्याचे काम निम्म्यावर येते आणि गैरहजेरीचा खाडा, म्हणजे दंड, लागतो. पाचशेपासून हजार रुपयांपर्यंत, एका दिवसाचा. दवाखान्यातून मिळणारी भरपाई त्याच्या जवळपासही जात नाही. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आई सांगते, ‘डाक्टर, गोळ्या लिवून द्या, आमाला सोडा. खाडा पडतोय.’ सलाइन उतरवून, मूल पदराखाली घेऊन ती निघते. तिला कुणी अडाणी म्हणू नये. तिने हिशेब केलेला असतो आणि तो हिशेब बरोबर असतो. चूक आहे ती आपण मांडलेल्या आकड्यांत. म्हणून मुलाच्या उपचारासाठी आई रुग्णालयात असेल तितके दिवस खाडा लावता येणार नाही, असे कारखान्यांनी मुकादमांशी होणाऱ्या करारात लिहून घ्यावे. आणि त्या १४ दिवसांची भरपाई कोयत्याच्या खऱ्या कमाईच्या दराने द्यावी. या पत्रातली बाकी एकही गोष्ट झाली नाही आणि एवढी एक झाली, तरी काही मुले वाचतील.

योजना नाहीत असे मी म्हणत नाही. पण बहुतेक योजनांनी घर एका जागी आहे असे धरलेले आहे. अंगणवाडीतल्या पूरक आहाराचा खर्च दिवसाला मुलामागे ८ रुपये आणि तीव्र कुपोषित मुलामागे १२ रुपये धरलेला आहे. तोही मूल अंगणवाडीत पोचले तर. अंगणवाड्यांच्या पोषण ट्रॅकर अ‍ॅपवर स्थलांतराची नोंद करता येते, राज्याने स्थलांतरितांसाठी वेगळी नोंदप्रणालीही आणली. पण टोळी पंधरा-वीस दिवसांत दुसऱ्या फडाकडे सरकते, आणि सेविकेच्या हद्दीत तिच्या गावची मुले असतातच. तिच्यावर आणखी शंभर मुलांचा भार टाकून, जादा मदतनीस न देता, आपण तिला दोष देऊ शकत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळासाठी ५,००० रुपये दोन हप्त्यांत मिळतात, दुसऱ्या वेळी मुलगी झाली तरच ६,०००. दुसरा मुलगा किंवा तिसरे बाळ असेल तर काहीच नाही. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात मात्र सरकारी नोकरीतल्यांसारखे काही अपवाद वगळून प्रत्येक गरोदर आणि स्तनदा मातेला किमान ६,००० रुपयांचे आश्वासन आहे.

आणि लाडकी बहीण. महिन्याला १,५०० रुपये, थेट बाईच्या खात्यात. ही योजना कोपीवरच्या बायांना फार मोलाची वाटते, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. पण वयाची अट २१ पूर्ण. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत बीड जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या शंभरातल्या चाळीसहून अधिक स्त्रियांचे लग्न अठराच्या आत झालेले आढळले. कोयत्याला जोडी लागते, हे त्यामागचे एक कारण. म्हणजे ज्यांच्या कडेवर सर्वांत लहान मुले आहेत त्या अठरा-एकोणीस-वीस वर्षांच्या आया या मदतीबाहेर राहतात. लग्नाच्या वयाचा प्रश्न कायद्याने सोडवावा, जरूर सोडवावा. पण तोवर तिच्या मुलाने उपाशी राहू नये. मी मागितलेल्या मदतीला आईच्या वयाची अट नको, आणि बाळ कितवे याचीही नको.

याच सर्वेक्षणात (२०१९–२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुले उंचीच्या मानाने कमी वजनाची होती, १०.९ टक्के तर तीव्र स्वरूपात. हे सबंध राज्याचे, सगळ्या थरांतल्या घरांचे आकडे. कोपीवर काय असेल याचा अंदाज आपण करू शकता, पण मला अंदाज नको आहे, मोजमाप हवे आहे. ते दिवसा करून उपयोग नाही. दिवसा अड्ड्यावर म्हातारी माणसे आणि कुत्री असतात. संध्याकाळी सातनंतर किंवा बाजाराच्या दिवशी पथक यायला हवे. पट्टी, वजनकाटा, लस, ओआरएस आणि झिंक घेऊन. मुलाच्या हाती एक कार्ड द्यावे, ते टोळीबरोबर पुढच्या फडावर आणि पट्टा पडल्यावर गावच्या अंगणवाडीपर्यंत चालावे. सोमालियातला लसीकरणाचा अनुभव मी इथे लक्षात घेते. मदतीच्या नोंदणीच्या वेळी मूल एकदा तपासून घ्यावे, त्याची लस पूर्ण करावी. पण एखादी तपासणी चुकली म्हणून पुढचा हप्ता रोखू नये. पथक वेळेवर आले नाही, तर शिक्षा बाईला का?

जिल्हा प्रशासनाला हे जमेल का, असा प्रश्न यंदा तरी कुणी विचारू नये. सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेने पात्र सोडले, माढा, करमाळा, मोहोळमधली गावे पाण्याखाली गेली. माणसे शाळांत, मंगल कार्यालयांत राहिली. त्यानंतर पंचनामे झाले, याद्या झाल्या, घरात पाणी शिरलेल्या कुटुंबांसाठी १०,००० रुपयांची तातडीची मदत ठरली. तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक रात्रंदिवस राबले, ते मी पाहिले आहे. म्हणजे उखडलेल्या घराची यादी करून खात्यात पैसे पाठवणे आपल्याला येते. त्या पंचनाम्यात वाहून गेलेल्या कोंबड्यांनाही रकाना होता. लेकराच्या दंडाचा घेर लिहायला रकाना नव्हता. पुढच्या आपत्तीआधी तो घालावा, ही माझी जोडमागणी. यंदा कोयता घेऊन आलेल्यांत पुराने जमीन खरडून नेलेली घरेही आहेत. त्यांचे विस्थापन दसऱ्याला संपले नाही, ते एका शाळेतून कोपीत आले.

पैसा कुठून येणार, तेही लिहिते, म्हणजे फाइल त्या कारणाने परत येऊ नये. मुलाला रोज एक अंडे, अर्धा लिटर दूध, मूठभर डाळ-शेंगदाणे आणि एक केळ द्यायचे तर आजच्या बाजारभावाने दिवसाला पन्नासच्या आसपास रुपये लागतात, महिन्याला दीड हजार. पण घरात आलेला पैसा एकट्या मुलाच्या ताटात जात नाही, तो सगळ्यांत वाटला जातो, आणि बऱ्याच घरांत एक कडेवर आणि एक पोटात असते. म्हणून ३,०००. पाच महिन्यांचे १५,०००. दोघे मिळून दिवसाला साधारण दोन टन तोडतात. पाच महिन्यांत प्रत्यक्ष तोडणीचे १२० दिवस धरले तर एका कोयत्याचा ऊस २४० टन. म्हणजे त्या कोयत्यामागे टनाला साडेबासष्ट रुपये. तीनपैकी एका कोयत्याच्या घरात लहान मूल किंवा गरोदर बाई आहे असे धरले, तर गाळलेल्या एकूण उसावर टनाला एकवीस रुपये पडतात. तुलनेसाठी, २०२५-२६ च्या हंगामाचा उसाचा रास्त व किफायतशीर दर सव्वादहा टक्के साखर उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे.

लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये आणि राज्याकडून तितकेच, अशी वीस रुपयांची व्यवस्था आहेच. त्या निधीतून मुलामुलींची वसतिगृहेही चालायची आहेत, त्यामुळे सगळा भार त्यावर टाकता येणार नाही, हे मला कळते. मग कमी पडणारी रक्कम कारखान्यांनी आणि जिल्हा नियोजन समितीने वाटून घ्यावी. तीनपैकी एक हा माझा अंदाज आहे. नोंदणी झाली की खरा आकडा आपल्या टेबलावर असेल, आणि तो कमी निघाला तर उत्तमच. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, याचा मला आनंद आहे. पण ती वाढ उचलीच्या फेडीत जमा होते. मी ज्या पैशाबद्दल बोलते आहे तो संध्याकाळी दुकानात हातात लागतो.

एक धोका आहे, तो लपवत नाही. आईच्या खात्यात तीन हजार आले हे कळले की खर्ची तेवढी कमी केली जाईल, किंवा ‘उचलीत वळते कर’ असा दबाव येईल. म्हणून आपल्या सहीचा स्पष्ट आदेश हवा, मराठीत, प्रत्येक अड्ड्यावर लावलेला : ही रक्कम कुठल्याही येण्यात धरता येणार नाही. पैसे मुकादमामार्फत तर मुळीच जाऊ नयेत. ज्यांचे खाते गावाकडच्या बँकेत अडकले आहे, त्यांना टपाल खात्याचा माणूस अंगठ्यावर कोपीपाशी पैसे देऊ शकतो, ती सोय देशभर आहे.

आपल्या जिल्ह्याला विस्थापन नवे नाही. उजनीच्या पाण्यात करमाळा-माढ्यातली गावे गेली. त्याच पाण्यावर आज हा ऊस उभा आहे, आणि तो तोडायला दुसऱ्या जिल्ह्यांतली घरे कुलूप लावून येतात. त्या उसावर माझा दवाखाना चालतो, आपले कारखाने चालतात, जिल्ह्याची बाजारपेठ चालते. या मुलांचे आपण देणे लागतो.

यंदाच्या हंगामासाठी माझी विनंती अशी. माढा, माळशिरस आणि पंढरपूर या तीन तालुक्यांतल्या अड्ड्यांची नोंदणी येत्या पंधरवड्याच्या बिलाआधी पूर्ण करावी. पाण्याचे टँकर आणि उपचाराच्या दिवसांचा खाडा माफ करण्याचा आदेश लगेच काढावा, त्याला निधीची वाट पाहावी लागत नाही. पहिला हप्ता संक्रांतीच्या आत आयांच्या खात्यात पडावा. मार्चअखेर पुन्हा दंडाचे घेर मोजून, काय साधले आणि काय नाही, ते जिल्हा परिषदेच्या सभेत मांडावे. नोंदणीच्या पथकांबरोबर संध्याकाळी फिरायला मी आणि तालुक्यातले माझे काही सहकारी डॉक्टर तयार आहोत. कोणत्या दिवशी, कोणत्या अड्ड्यावर यायचे तेवढे कळवावे.

आपली,
माढा तालुक्यातील एक बालरोगतज्ज्ञ